विश्वास सोडून गेलेल्याचे तारण जाते का? इब्री ६ बद्दल एक घरगुती प्रश्न

परळची लेक

सर्वांना सलाम. प्रश्न घरचा असल्यामुळे थोडा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आमचे घराणे चार पिढ्यांपासून मराठी मंडळीतले आहे. माझ्या धाकट्या भावाचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला आणि सोळाव्या वर्षी त्याने सगळ्या मंडळीसमोर उभे राहून आपला विश्वास कबूल केला. त्यानंतर आठ-नऊ वर्षे तो तरुण संघात होता, रविवारच्या उपासनेत पेटी वाजवायचा, आणि नाताळात घरोघर फिरणाऱ्या गायनमंडळाचे तर त्याच्यावाचून पानच हलत नसे. २०२१ मध्ये आमचे वडील गेले. त्यानंतर त्याचे येणे हळूहळू बंद झाले आणि दोन वर्षांपूर्वी त्याने आईला सरळच सांगितले, की माझा आता यातल्या कशावरही विश्वास राहिलेला नाही. त्यात भांडण नव्हते, व्यसन नव्हते, दुसरा धर्मही नव्हता. आजही दर रविवारी तो आईला मोटरसायकलवरून देवळाच्या फाटकापर्यंत आणून सोडतो, बाहेर गुलमोहराखाली थांबतो आणि उपासना संपली की तिला घरी घेऊन जातो.

आईने त्याची मासिक वर्गणी भरणे थांबवलेले नाही. खजिनदार त्याच्या नावाने पावती फाडतात आणि आई ती आणून, कपाटातल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात, त्याच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ठेवते. यादीतून नाव जाऊ नये, एवढाच तिचा हेतू आहे.

वडील असेपर्यंत 'एकदा मिळालेले तारण (म्हणजे पापापासूनचा उद्धार) जात नाही' ही गोष्ट आमच्या घरात गृहीतच होती. गेल्या महिन्यात मात्र एक शेजारीण आईला पूर्व उपनगरातल्या एका भाड्याच्या हॉलमधल्या प्रार्थनासभेला घेऊन गेली. तिथे तिने भीतभीत मुलाची हकिगत सांगितल्यावर प्रचारकांनी बायबलमधल्या इब्रीकरांस पत्रातली ६:४ ते ६ ही वचने माइकवरून वाचली आणि असा माणूस पुन्हा पश्चात्तापाकडे येणे अशक्य आहे, त्याच्यासाठी दार लागले आहे, असे सगळ्यांसमोर सांगितले. तेव्हापासून आई रात्री दोन-तीनला उठून बसते.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. विश्वासणाऱ्याचे तारण जाऊ शकते का, याविषयी शास्त्र खरोखर काय म्हणते? आणि इब्री ६ माझ्या भावाला लागू पडते का? कृपया 'फक्त प्रार्थना करा' एवढेच उत्तर देऊ नये. प्रार्थना चालूच आहे.


ठाम विश्वासी

ताई, योहान १०:२८ वाचा. ख्रिस्ताच्या हातातून कोणी हिसकावून घेऊ शकत नाही. एकदा तारण म्हणजे कायमचे तारण. विषय संपला.


गिरगावचा निवृत्त शिक्षक

ताई, सलाम. वरच्या उत्तरातले वचन खरे आहे, परंतु विषय संपलेला नाही. गेली सोळाशे वर्षे तो संपलेला नाही आणि तो संपवण्याची घाई करणाऱ्यांनीच आपल्या आईसारख्या माणसांना जास्त त्रास दिला आहे.

मी स्वतः प्रेस्बिटेरियन वळणात वाढलो, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकतो. ज्याला देवाने खरोखर नवा जन्म दिला, त्याला देव शेवटपर्यंत राखतो, असे मी मानतो. योहान १०:२८ मध्ये 'त्यांचा कधीही नाश होणार नाही' असे जे येते, तिथे मूळ ग्रीकमध्ये दुहेरी नकार आहे. त्या भाषेत याहून जोरदार 'नाही' म्हणता येत नाही. रोम ८ च्या शेवटी पौल मरण, जीवन, देवदूत, वर्तमान, भविष्य अशी लांबलचक यादी करतो आणि यातले काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही असे म्हणतो. फिलिप्पै १:६ मध्ये ज्याने काम आरंभले तोच ते सिद्धीस नेईल असे आहे. या सगळ्या वाक्यांचा कर्ता देव आहे, आपण नव्हे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

यात माझे सर्वांत आवडते वचन इफिस १:१४ आहे, कारण तिथला शब्द आपल्या व्यवहारातला आहे. पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा 'विसार' आहे असे तिथे म्हटले आहे. मुंबईत घर घेतलेल्या माणसाला विसार म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. सौदा मोडला तर विसार बुडतो तो देणाऱ्याचा. इथे विसार देणारा देव आहे. म्हणजे हा सौदा अर्ध्यावर मोडला तर देवाचीच ठेव बुडेल, असा त्या शब्दाचा जोर आहे.

आता दुसरी बाजू. 'एकदा तारण म्हणजे कायमचे तारण' ही घोषणा आणि जुन्या सुधारित (कॅल्विनच्या वळणाच्या) मंडळ्यांची शिकवण एकच आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. हॉलंडमध्ये १६१० साली आर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांनी आपली पाच कलमे मांडली, तेव्हा तारण गमावता येते की नाही हा प्रश्न त्यांनीसुद्धा पाचव्या कलमात मोकळा ठेवला होता. शास्त्रातून याचा अधिक शोध घेतला पाहिजे, एवढेच ते म्हणाले होते. पुढे १६१८-१९ मध्ये डोर्ट येथील धर्मसभेने खरे विश्वासणारे अखेरपर्यंत टिकतात असा निर्णय दिला. पण त्याच निर्णयात विश्वासणारे गंभीर पापात पडू शकतात, काही काळ देवाच्या कृपेची जाणीवही हरवून बसू शकतात असे स्पष्ट लिहिले आहे आणि उदाहरणादाखल दावीद आणि पेत्र यांची नावे घेतली आहेत. त्या शिकवणीत भर टिकण्यावर आहे. हात वर करून प्रार्थना म्हटली आणि पावती मिळाली, असा तिचा अर्थ कधीच नव्हता.

आपल्या भावाबद्दल म्हणाल, तर माझ्या परंपरेतले लोक दोनपैकी एक गोष्ट म्हणतील: त्याचा विश्वास मुळातच खरा नव्हता (त्यासाठी 'ते आपल्यातले नव्हतेच' असे म्हणणारे १ योहान २:१९ पुढे करतात), किंवा तो खरा होता आणि तो परत येईल. यातले कुठले खरे हे आज कोणीही सांगू शकत नाही, आणि तसे सांगण्याचा अधिकार त्या माइकवाल्या प्रचारकांनाही नाही.


कुलाब्याचा मेथडिस्ट

शिक्षकसाहेबांचा मान राखून थोडा मतभेद नोंदवतो. भावाचा विश्वास 'मुळातच खरा नव्हता' हा जो पर्याय त्यांनी दिला आहे, तो ऐकणाऱ्या आईला काय वाटेल याचा विचार व्हावा. ज्या मुलाने नऊ वर्षे पेटी वाजवली, त्याची ती सगळी वर्षे खोटी होती असे तिला सांगायचे का? शिवाय त्या मार्गाने आजच्या विश्वासणाऱ्यालाही खात्री मिळत नाही, कारण माझा आजचा विश्वास खरा की तसाच, हे मला उद्या मी टिकलो तरच कळणार.

१८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर मुंबईत आले आणि त्यांच्या सभांतून इथले मेथडिस्ट काम उभे राहिले, तेव्हापासून आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने शिकवला जातो. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या मते कृपा खरी असते, विश्वासही खरा असतो आणि तरीही माणूस तो सोडू शकतो. इब्री ६:४-६ चे काही इंग्रजी भाषांतरांत 'जर ते पतित झाले' असे रूप केले आहे, पण मूळ ग्रीकमध्ये तिथे 'जर' नाही. पाच कृदंते एका माळेत येतात: ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ज्यांनी देवाच्या वचनाची रुची घेतली आणि जे पतित झाले. पहिली चार खरी आणि पाचवे काल्पनिक, असे व्याकरण सांगत नाही. आणि पहिल्या चारांचे वर्णन ज्याने नुसतीच दारातून डोकावून पाहिले अशा माणसाचे आहे, हे मला पटत नाही.

विसाराबद्दल एवढेच म्हणतो, की विसार घेणाराही सौदा मोडतो, हे मुंबईत घर शोधलेल्या कोणालाही ठाऊक आहे. देव मागे फिरणार नाही, हे मान्य. प्रश्न आपल्या बाजूचा आहे.

परंतु ताई, आमच्याकडे 'गमावता येते' याच्या जोडीला 'परत मिळते' हेही तितक्याच जोराने सांगितले जाते. ज्यांनी पूर्वी विश्वास ठेवला आणि नंतर सोडला, अशी माणसे पुन्हा कृपेत आलेली आपण पाहिली आहेत, असे वेस्ली यांनी अशा लोकांसाठीच लिहिलेल्या प्रवचनात सांगितले आहे. इब्री ६ मध्येसुद्धा 'अशक्य' या शब्दापुढे जी दोन कृदंते येतात, 'पुन्हा वधस्तंभावर खिळत असता' आणि 'उघड नामुष्की करत असता', ती वर्तमानकाळी आहेत. ते तसे करत आहेत तोपर्यंत अशक्य, असा अर्थ अनेक अभ्यासक घेतात. सगळेच घेत नाहीत, हेही सांगतो.

आणि रोम ११ वाचा. पौल तिथे जैतुनाच्या झाडाचा दाखला देतो. विश्वास न ठेवल्यामुळे काही फांद्या तोडल्या गेल्या, तू विश्वासाने उभा आहेस, तेव्हा गर्व करू नकोस, नाहीतर तूही छाटला जाशील (११:२० ते २२). इथवर सगळे प्रचारक वाचतात. पुढच्या वचनावर फारसे कोणी थांबत नाही: ते अविश्वासात राहिले नाहीत तर त्यांचेही पुन्हा कलम होईल, कारण त्यांचे पुन्हा कलम करण्यास देव समर्थ आहे. माझे आजोळ देवगडकडचे. आमच्याकडे रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात, म्हणजे जंगली मूळ आणि चांगली फांदी. पौलाने हे उलटे केले आहे, जंगली फांदी चांगल्या झाडावर; आणि हे निसर्गाविरुद्ध आहे असे तो स्वतःच म्हणतो. पण तोडून खाली पडलेली, वाळलेली फांदी उचलून पुन्हा त्याच झाडाला जोडणारा माळी मात्र मी कोकणात पाहिलेला नाही. पौल नेमके तेच शक्य आहे म्हणतो.


उत्तनकर

नमस्कार. मी कॅथलिक आहे, तेव्हा माझे बोलणे इथल्या काही जणांना परके वाटेल; पण ताईंच्या आईला जे सांगितले गेले तो वाद चर्चने तिसऱ्या शतकातच केलेला आहे आणि तो कसा मिटला हे सांगावेसे वाटते.

इ. स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेशियसने सर्व प्रजेने देवतांना बळी अर्पण करावे आणि तसे केल्याचे प्रमाणपत्र घ्यावे असा हुकूम काढला. अशी कित्येक प्रमाणपत्रे इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेली सापडली आहेत; 'मी नेहमीच देवतांना बळी देत आलो आहे आणि आताही तुमच्यासमक्ष दिला आहे' अशा धर्तीचा छापील अर्जासारखा ठरीव मजकूर, खाली साक्षीदाराची सही. पुष्कळ ख्रिस्ती लोक तुरुंगात गेले, काही मेले. पण त्याहूनही पुष्कळांनी धूप जाळला, बळी दिला, किंवा पैसे चारून नुसते प्रमाणपत्र मिळवले. छळ थांबल्यावर हे लोक रडत परत आले आणि प्रश्न उभा राहिला: यांना आत घ्यायचे की नाही?

रोममधल्या नोव्हेशियन या धर्मगुरूचे म्हणणे असे होते, की देव त्यांना क्षमा करील किंवा न करील, चर्चने करू नये. त्याच्या पंथाचे लोक पुढे इब्री ६ चाच आधार देत. त्यांच्याही आधी उत्तर आफ्रिकेतल्या टर्टुलियनने, कडक पंथाकडे वळल्यावर, हेच वचन दुसऱ्या पश्चात्तापाविरुद्ध वापरले होते. म्हणजे त्या हॉलमधल्या प्रचारकांनी नवीन काही सांगितलेले नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन हा काही मवाळ माणूस नव्हता, सरसकट माफी मागणाऱ्यांना त्याने खडसावले होते. पण २५१ च्या धर्मसभेत त्याने आणि त्याच्या सहकारी बिशपांनी एकेका माणसाची चौकशी करून, प्रायश्चित्त देऊन, परतीचा मार्ग ठेवला. नोव्हेशियनचे मत चर्चने नाकारले. ३२५ च्या निकेया धर्मसभेने तर आठव्या नियमात असे ठरवले, की नोव्हेशियनच्या पंथातले धर्मगुरू परत येत असतील तर छळात पडलेल्यांशी सहभागिता ठेवण्याचे त्यांनी लेखी मान्य करावे. अकराव्या नियमात, कसलाही धाक नसताना, मालमत्ता जप्त होण्याची भीतीही नसताना ज्यांनी विश्वास सोडला, त्यांच्यासाठी बारा वर्षांचा क्रम घालून दिला आहे: तीन वर्षे ऐकणाऱ्यांत, सात वर्षे गुडघे टेकणाऱ्यांत आणि दोन वर्षे अर्पणाखेरीज (म्हणजे प्रभुभोजनात भाग न घेता) प्रार्थनेत सर्वांबरोबर. बारा वर्षे फार वाटतात. पण ज्याचे दार कायमचे लागले आहे, त्याला कोणी बारा वर्षांचे वेळापत्रक देत नाही.

आमच्या चर्चची आजची शिकवण ट्रेंट धर्मसभेत १५४७ साली ठरली: मिळालेली कृपा मर्त्य (म्हणजे जाणूनबुजून केलेल्या गंभीर) पापाने गमावता येते आणि प्रायश्चित्त संस्काराने ती परत मिळते. आपण शेवटपर्यंत टिकूच अशी पक्की खात्री, देवाने विशेष प्रकटीकरण केल्याखेरीज, कोणी बाळगू नये असेही तिथे म्हटले आहे. संत ऑगस्टीन यांनीसुद्धा आयुष्याच्या शेवटी शेवटी, टिकून राहणे हे देवाचे वेगळे दान आहे आणि ते कुणाला मिळाले हे मरेपर्यंत कळत नाही, असे लिहिले. शिक्षकसाहेबांच्या परंपरेने ऑगस्टीन यांच्याकडून 'दान' उचलले, आमच्याने 'मरेपर्यंत कळत नाही' उचलले, असे मी गमतीने म्हणतो.


परळची लेक

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळे आईला वाचून दाखवले. फांदीच्या दाखल्यावर तिने मला थांबवले आणि ते वचन स्वतःच्या चष्म्याने पुन्हा वाचले.

मला अजून एक अडचण आहे. इब्रीकरांस पत्र लिहिणाऱ्याला 'आपण हरवलेल्या माणसाचे वर्णन करत आहोत' असे वाटत होते की 'आपण समोरच्यांना सावध करत आहोत' असे? कारण या दोन्हींत फरक आहे, असे मला वाटू लागले आहे. आणि सर, मेथडिस्ट दादांचा मुद्दा मला खरोखर लागला. भावाची ती नऊ वर्षे खोटी होती असे मी म्हणू शकत नाही. वडिलांच्या अंत्यविधीला पेटी त्यानेच वाजवली होती.


गिरगावचा निवृत्त शिक्षक

ताई, मेथडिस्ट बंधूंनी माझा कान धरला तो योग्यच होता. 'मुळातच नव्हता' हे १ योहान २:१९ मधले वाक्य मंडळी फोडून खोटी शिकवण देणाऱ्यांविषयी आहे. ते घरातल्या दुःखी मुलाला लावायची घाई मी करायला नको होती. माझे मत बदललेले नाही, पण ते वाक्य मी मागे घेतो.

तुमच्या नव्या प्रश्नाबद्दल. पत्र कोणाला लिहिले आहे हे पत्रातूनच कळते. या लोकांनी पूर्वी छळ सोसला होता आणि मालमत्ता लुटली गेली तरी ते आनंदाने सहन केले होते (१०:३२ ते ३४). आता ते थकले आहेत, काहींनी एकत्र जमणे सोडले आहे (१०:२५), आणि जुन्या सुरक्षित धर्माकडे परत जाण्याचा विचार मनात घोळतो आहे. लेखक त्यांना आतून ओळखतो. सहाव्या अध्यायात तो ती भयंकर वचने लिहितो, आणि लागलीच नवव्या वचनात 'प्रियजनहो' अशी हाक मारून, आम्ही असे बोलत असलो तरी तुमच्याविषयी याहून चांगल्या, तारणाशी संबंधित गोष्टींची आम्हांला खात्री आहे, असे म्हणतो. पत्रात या एकाच ठिकाणी तो त्यांना प्रियजन म्हणतो. तेव्हा तुमची शंका रास्त आहे. कड्याच्या टोकाशी निघालेल्या माणसाला मागून हाक मारावी, तशी ती वचने आहेत. जो आधीच दिसेनासा झाला आहे त्याच्या आईला वाचून दाखवायचा तो निकाल नव्हे.

अर्थात, हाक खरी असायची तर कडाही खरा असला पाहिजे, असे मेथडिस्ट बंधू म्हणतील. माझे उत्तर असे, की देव आपल्या लोकांना राखतो तो अशाच हाकांच्या साधनाने राखतो. इथे आमचे एकमत होणार नाही.

आपल्या मंडळ्यांचेही या बाबतीत कधी एकमत नव्हते. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा खरा विश्वासणारा शेवटपर्यंत टिकतो असे सांगणारी वेस्टमिन्स्टरची विश्वासकबुली मानणारे प्रेस्बिटेरियन आणि अँग्लिकन एकाच छत्राखाली आले. अँग्लिकनांच्या एकोणचाळीस कलमांतले सोळावे कलम सांगते, की पवित्र आत्मा मिळाल्यानंतरही आपण कृपेपासून दूर जाऊ शकतो आणि देवाच्या कृपेने पुन्हा उठू शकतो. आज एकाच बाकावर बसणाऱ्या दोन कुटुंबांच्या आजोबांनी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे पाठ केलेली असतात आणि दोघांनाही ते ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट. २ तीमथ्य ४ मध्ये दहाव्या वचनात पौल लिहितो, की देमास ऐहिक जगावर प्रेम करून मला सोडून गेला. हा देमास पूर्वी पौलाचा सहकारी होता, दोन पत्रांत त्याचा सलाम आहे. त्याचे पुढे काय झाले हे शास्त्र सांगत नाही. अकराव्या वचनात मात्र पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. हा तोच मार्क, जो पहिल्या प्रवासात अर्ध्यावर सोडून गेला होता आणि ज्याच्यावरून पौल व बर्णबा यांच्यात फाटले होते. सोडून गेलेले दोघे, लागोपाठच्या दोन वचनांत.


ठाम विश्वासी

म्हणजे तारणाची खात्रीच नाही असे सगळ्यांचे म्हणणे आहे का?


कुलाब्याचा मेथडिस्ट

नाही. १ योहान ५:१३ मध्ये तुम्हांला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हांला कळावे म्हणून लिहिले, असे स्पष्ट आहे. आज मी देवाचा आहे याची साक्ष आत्मा आजच देतो, असे आमच्याकडे शिकवतात. उद्याची खात्री आजच पदरात पाहिजे, हा हट्ट आम्ही धरत नाही.

ताईंसाठी आणखी एक. मंडळीत येणे थांबणे आणि ख्रिस्ताला नाकारणे या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असे नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही होते. तुमच्या भावाचे प्रकरण तसे नाही, तो स्वतःच विश्वास नाही म्हणतो, आणि त्याचे ते म्हणणे प्रामाणिक मानले पाहिजे. मी एवढेच सुचवतो, की तो काय नाकारतो आहे हे त्याला एकदा शांतपणे विचारा. वडिलांच्या आजारात केलेल्या प्रार्थनांचे उत्तर न देणाऱ्या देवाला तो नाकारत असेल, तर स्तोत्रसंहितेत असे बोलणारे बरेच जण आहेत, आणि त्यांची गाऱ्हाणी आपण देवळात मोठ्याने वाचतो.


परळची लेक

मी विचारले. त्याने सांगितले ते इथे लिहिणार नाही, पण दादांचा अंदाज फारसा चुकलेला नाही.

आईला तुम्हा सर्वांचे आभार सांगायचे आहेत. त्या प्रार्थनासभेला ती पुन्हा जाणार नाही. शिक्षकसरांचे आणि मेथडिस्ट दादांचे कुठे जुळत नाही हे तिला नीटसे समजले नाही आणि त्याची तिला फिकीरही वाटली नाही. तिचा प्रश्न उत्तनकर दादांना आहे: ती जी तीन वर्षे 'ऐकणाऱ्यांत' काढायची, ते लोक देवळात नेमके कुठे उभे राहायचे?


उत्तनकर

आईंना माझा नमस्कार सांगा. ऐकणारे दाराच्या आत, ओसरीसारख्या भागात उभे राहत. शास्त्रवाचन आणि प्रवचन तिथून ऐकू येई आणि प्रार्थना सुरू होण्यापूर्वी त्यांना बाहेर जावे लागे. पूर्वेकडच्या चर्चमध्ये त्यांच्याही आधीची एक पायरी होती, 'रडणाऱ्यां'ची. ते दाराबाहेर, उघड्यावर उभे राहत आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला, आमच्यासाठी प्रार्थना करा, असे विनवत.


परळची लेक

आईला सांगितले. ती म्हणाली, तो विनवत तर नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, पण खिडक्या उघड्या असतात, गुलमोहरापर्यंत सगळे ऐकू जाते.